गोंदण पुसलेला फोटो

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या बाजारतळाजवळ फैयाजचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, पासपोर्टचे फोटो, फ्लेक्स. आम्ही एका वर्गातले. मी मराठीत एम.ए. केलं. त्याने बारावीनंतर कॅमेरा घेतला.

स्टुडिओच्या काचेवर त्याने स्वतःच्या हाताने कागद चिकटवलाय : 'स्टेटसचा स्क्रीनशॉट आणणाऱ्याने आल्या पावली परत जावे.' लोक वाचतात, हसतात आणि मोबाईल पुढे करतात. "ह्योच मोठा करून दे की, दहा फुटी." मग फैयाजचं डोकं सटकतं. "दहा फुटी मोठा करीन, पन दिसंल का कोन हाय ते?"

मीही हसायचो. दुसऱ्याची शिवण बघून शिंपी चिडतो, तसलं काहीतरी वाटायचं.

शनी अमावास्येला अंगदचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओतच होतो. अंगद फैयाजच्या घरामागे राहतो. सुप्याला कंपनीत कामाला आहे. बायको सुरेखा आणि म्हातारी आई झुंबरबाई यांना घेऊन तो शनिशिंगणापूरला गेला होता. दर्शनाच्या गर्दीत सुरेखाच्या हातातून म्हातारीचा हात सुटला.

"फैयाज, आई सापडंना. तुझ्याकडं तिचा फोटू आसंल बघ."

फैयाज तिला मावशी म्हणतो. त्याची आई शेतावर जायची तेव्हा तो तिच्याच चुलीपुढे जेवायचा. हल्ली मावशीला काही आठवत नाही. नाव नाही, गाव नाही. हरवली तर कुणाला विचारून ती घरी येणार नव्हती. कुणीतरी तिला ओळखणं, एवढाच मार्ग.

फोटो होता. गेल्या ईदला ती शीरखुर्मा प्यायला आली तेव्हा काढलेला. अंगणातल्या उजेडात सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. कपाळावर हिरवी चंद्रकोर गोंदलेली, हनुवटीवर तीन ठिपके. सुरकुती न सुरकुती मोजून घ्यावी.

फैयाजने तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला. वर व्हॉइस मेसेज टाकून सांगितलं, "अंगद, ह्योच पुढं पाठव. डॉक्युमेंट म्हनूनच. साधा फोटू म्हनून पाठवला की बारीक हुतो, दर हाताला आनखी खराब हुतो. आन कुनाला त्याच्यावर कायबी करू देऊ नको."

अंगद घाबरलेला. त्याला ती फाईल उघडेना. उघडायच्या आधी जो धूसर चौकोन दिसतो, त्याचाच त्याने स्क्रीनशॉट काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी तो फोटो फैयाजच्याच मोबाईलवर परत आला. भोवती गुलाबांची चौकट. वर 'आजी हरवल्या आहेत, कृपया शेअर करा.' खाली जिल्हा परिषदेला उभं राहू पाहणाऱ्या एका दादांचा हात जोडलेला फोटो. दादांची मिशी केस न केस स्पष्ट. मावशी मात्र लोण्याची. सुरकुत्या नाहीत. चंद्रकोर नाही. ठिपके नाहीत.

तेव्हा फैयाजने शिवी दिली. त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

"तू एम.ए. ना? सांग, ह्यात हरवलंय कोन? मावशी का ह्यो टिकोजीराव?"

मी माझा मोबाईल खिशात टाकला.

रविवारभर अंगदला फोन आले. श्रीरामपूरहून, राहुरीहून. प्रत्येक वेळी दुसरीच कुणी म्हातारी. त्या फोटोत कुठलीही म्हातारी बसत होती. फैयाजने मूळ फोटोच्या मोठ्या प्रिंट काढल्या, चिकटवायला खळ शिजवली आणि सोमवारी सकाळी मला मोटारसायकलवर मागे बसवलं.

घोडेगावच्या फाट्यावर हनुमंत नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. फैयाज खांबाला कागद चिकटवत होता. हनुमंत किटली हातात घेऊनच पुढे आला.

"आवो, ही बाई तर इथंच हुती की!"

"कधी?"

"परवापास्नं. काल दुपारपातुर ह्या बाकड्यावर. मीच चा-बिस्कीट दिलं. मोबाईलवर फोटू आलता, तिच्या तोंडापशी धरून बगितला. तिच्या कपाळाला गोंदान, फोटूतलीला कायबी न्हाई. म्हनलं ही दुसरी हाय."

"मंग?"

"मी दूध आनाया गेल्तो. आलो तर न्हाई. नगरच्या अंगाला गेली म्हनत्यात." त्याने किटली खाली ठेवली. "मी लावून बगितला हो फोटू. आईशप्पत, बगितला."

फैयाजने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्यावर तो चिडला नाही. चिडायला हवं होतं असं मला वाटलं. चिडला असता तर सोपं झालं असतं.

रस्त्याकडेच्या प्रत्येक वस्तीवर आम्ही कागद दाखवत गेलो. दिवस कलताना एका कांद्याच्या चाळीपाशी बायका म्हणाल्या, "हाय की. आतमधी निजलीया." अंगावर पोतं होतं. आदली रात्र तिने कालव्याच्या चारीत काढली होती. अंगात ताप. उजवं पाऊल फुगून फाटलेलं. फैयाजने हाक मारली. तिने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

पाऊल वाचलं, दोन बोटं गेली.

दवाखान्यात करण आला. गावाचा ग्रुप तोच चालवतो. शाल, नारळ आणि 'दादांच्या प्रयत्नांना यश' अशी पोस्ट तयार. पोस्टवर तोच लोण्याचा फोटो.

"हिच्या तोंडावरचं कुनी काढलं?" फैयाजने विचारलं.

"म्याच की. फुकाट." करण हसला. "लई डाग हुते. म्हातारी कशी चकाचक दिसती बग आता."

"डाग? तिच्या आईनं गोंदवून घेतलेलं हाय ते. टपरीवाल्यानं त्याच्यावरनंच तिला न्हाई म्हनलं."

"आरं पन लाख लोकांपातुर पोचला फोटू!"

"मंग लाख लोकांनी वळखली न्हाई तिला. घे ती शाल आन चालता हो."

करण माझ्याकडे बघू लागला. शिकलेला माणूस मध्ये पडेल असं त्याला वाटलं असावं. मी खाटेवरच्या त्या पायाकडे बघत होतो. माझ्याच मोबाईलवरून तो फोटो किती ग्रुपांत गेला होता, हे करणला ठाऊक होतं.

मावशी आता घरी आहे. काठी लागते. मागच्या आठवड्यात फैयाजने तिचा नवा फोटो काढला. कपाळ, हनुवटी, सगळं स्वच्छ उजेडात. अंगदला डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

दहा मिनिटांत अंगदचा फोन.

"फैयाज, ते उघडंना बाबा. साधा फोटू म्हनून टाक की. स्टेटसला ठिवायचाय."

फैयाजने फोन ठेवला. काचेवरच्या कागदाकडे एकदा बघितलं. मग मोठी प्रिंट काढली, मागे अंगदचं नाव आणि नंबर लिहिला, लॅमिनेट केली, वर भोक पाडून दोरी ओवली.

"आता हे कुठं लावणार?" मी विचारलं.

"मावशीच्या गळ्यात," तो म्हणाला आणि पायात चप्पल सरकवली.