धावड्यावरचा फुलकिडा

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. यवतमाळात पिकांवरच्या किडींचं एक लहानसं सरकारी दफ्तर होतं अन् मी तिथं किडे गोळा करायच्या कामावर होतो. लग्न नुकतंच झालतं. सासऱ्यानं दिलेला फाउंटन पेन खिशाला लावून मी कलेक्टरावाणी फिरत होतो. अक्कल गुडघ्यात, दुसरं काय!

आमचे साहेब पुण्याकडचे, एकटेच राहत. त्यायले वेड फुलकिड्यायचं. फुलकिडा म्हणजे अर्ध्या तिळाएवढा जीव. कास्तकार म्हणत, "धूळ हाय साहेब, झटकून टाका." साहेब म्हणत, "या धुळीत शेकडो जाती आहेत." मग भिंगाखाली दाखवत. पंख म्हणजे नुसती झालर. तोंडात एकच दाढ, डावी. उजवी जिरून गेलेली. काही जातींच्या माद्यायले शेपटाशी करवत असते, त्या पान चिरून अंडी घालतात. काहींच्या शेपटाला नळी. या नळीवाल्यांतले काही काळे किडे पान गुंडाळून आत बिऱ्हाड करतात अन् सहसा आपलं झाड सोडत नाहीत. अंगावरचे केस मोजून जात ठरवायची, असं ते काम.

अन् साहेबायले काचबिंदू होता. दिसतं तोवर एक तरी नवी जात आपल्या हातानं जगाच्या यादीत घालायची, एवढीच त्यायची इच्छा होती. दुसरं काही मागणारा माणूस नव्हता तो.

दफ्तराचा एक नियम होता. पकडलेला किडा स्पिरिटच्या कुपीत टाकायचा अन् आतच चिठ्ठी सोडायची. झाड, गाव, तारीख. चिठ्ठी शिसपेन्सिलीनंच लिहायची. झरी-जामणीकडच्या जंगलात मी एका दिवशी दोन कुप्या भरल्या, एक ऐनाच्या झाडाच्या पानातली, एक धावड्याच्या. दोन्ही चिठ्ठ्या मी सासऱ्याच्या पेनानं लिहिल्या, झोकात. यवतमाळला येऊन पाहतो तर शाई स्पिरिटात उतरलेली, दोन्ही कुप्या निळ्या अन् दोन्ही चिठ्ठ्या कोऱ्या.

मी स्पिरिट बदललं. शिसपेन्सिलीनं नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, अंदाजानं.

धावड्याची चिठ्ठी टाकलेल्या कुपीतली एकुलती एक मादी नवी निघाली. साहेबायनं ती ज्या मोठ्या शास्त्रज्ञाकडं पाठवली, त्याचं पत्र आलं, की जात नवी दिसते, पण एका मादीवर नाव देता येत नाही. त्याच झाडावरचे आणखी पाठवा. साहेबायनं चष्मा काढून मले विचारलं, "झाड नक्की धावडाच ना?"

"हो साहेब," मी म्हणालो.

तीन हिवाळे आम्ही त्या जंगलात गेलो. साहेब धावड्याखाली छत्री उलटी धरत अन् वाट दाखवणारा कोलाम जमातीचा म्हातारा काठीनं फांद्या झोडपे. तो काठीचा आवाज अजून माझ्या कानातून गेला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात मी जरा बाजूले, एका ऐनाखाली पाणी प्यायला बसलतो. एक पान गुंडाळलेलं दिसलं म्हणून उकललं. आत पाचसहा काळे, शेपट्या वर करून चालून राह्यलते. भिंग लावलं. तेच लांबुळकं डोकं, त्या मादीचं. मी पान मुठीत चुरगळलं. काहून? नोकरीचं भेव नव्हतं, साहेब ओरडणारे नव्हतेच. पण डोळे चालले असताना या माणसाले मी एक वर्ष भलत्याच झाडाखाली फिरवलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं होतं?

म्हाताऱ्यानं पाहिलं. "हातात काय हाय तुह्या?"

"काही नाही, बाबा."

त्यानं काठी उचलली अन् तो फांद्या झोडपायला गेला. त्यानंतर गुंडाळलेलं पान दिसलं, की माझी मूठ आपोआप मिटते. घरच्या बागेतलं पानही मी उकलत नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात साहेबायले पानं बोटांनी चाचपावी लागत होती. छत्रीत काय पडलं ते मी पाहून सांगायचो. "नाही साहेब." दिवसभर तेच. शेवटच्या दिवशी ते धावड्याच्या बुडाशी बसले अन् छत्री मिटून मांडीवर घेतली.

"मला वाटतं, ती शेवटचीच होती," ते म्हणाले. "कोण जाणे किती काळापासून जगत आलेली जात. तिला नाव द्यायचं म्हणून मी तिला स्पिरिटात बुडवली. पकडलीस तू, पण तुला पाठवलं मी. तुला पाप नाही, बरं का."

त्यायनं अंदाजानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सांगायची वेळ तीच होती.

"चला साहेब," मी म्हणालो, "मोटार चुकंल."