बँकेचा मोर आणि आमची सोनी

रंगाच्या डब्याच्या झाकणावर थर साचत जातात, कुणी मुद्दाम साचवत नाही. आमच्या दुकानातल्या किस्स्यांचंही तसंच. आमचे हे बोर्ड रंगवायचे. लातूरला गोलाईच्या बाजाराजवळ पत्र्याचं दुकान आणि मागच्या खोलीत आमचा संसार. माझी शाळा सातवीपर्यंतची, पण बोर्ड बाहेर पडायच्या आधी अक्षरं मीच वाचून बघायची.

०

भूकंपात पडलेल्या एका गावात बँक पत्र्याच्या शेडमध्ये उघडणार होती. बँकेची खूण मोर. ह्यांनी आधी मोर रंगवला, नाव लिहायचं बाकी होतं, तोवर समोर रांग लागली. पहिल्या म्हातारीला हे म्हणाले, "मावशी, थांबा, अजून नाव लिहायचंय."

ती म्हणाली, "मोर आला न्हवं? मग बँक आली. नाव तुमी सावकाश लिवा."

घरी आल्यावर ह्यांनी मला हे दोनदा सांगितलं.

भूकंपापासून माझा जीव असाही थाऱ्यावर नव्हता. पुढं आमची सोनी चालाय-बोलायला लागली, तेव्हा मला ती म्हातारी आठवली. गोलाईत त्याच बँकेची शाखा होती, तिच्यावरही तोच मोर. सोनीला रोज घोकवायची, "बाजारात हात सुटला तर बँकेच्या मोराखाली उभं राहायचं. मी येईपर्यंत मोर सोडायचा न्हाई."

०

एका साडीवाल्या शेठजींचा मुलगा पुण्याहून शिकून आला. दुकानाची जुनी गोल अक्षरं काढून तिरकी, सुटसुटीत करून घेतली. झालं! उदगीरकडची गिऱ्हाइकं दारापर्यंत येत आणि "दुकान विकलं वाटतं" म्हणत माघारी जात.

आठवड्यात शेठजी स्वतः आले. "पोराची अक्षरं राहू द्या. खाली जुन्या वळणात एवढंच लिहा, मालक तेच आहेत."

गिऱ्हाइकं परत आली. अक्षराच्या वळणावर माणसांचा एवढा जीव असतो, हे मला तेव्हा कळलं.

०

मग क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं लातुरात शिकायला यायला लागली. एक सर म्हणाले, "आमच्या क्लासची अक्षरं बँकेसारखी काढा. पालकांना भरवसा वाटला पाहिजे."

ह्यांचे भागीदार गफूरभाई शांतपणे म्हणाले, "सर, बँकेत ठेवलेलं वाढून परत मिळतंय. तुमच्याकडं पोरगं ठेवलं तर?"

सर हसले, पण अक्षरं तशीच काढून घेतली. दारात पालकांची गर्दी मावेना.

०

एक दिवस बँकेचे साहेब नांदेडहून नव्या खुणेचा कागद घेऊन आले. कागदावर तीन निळ्या वाकड्या रेघा.

"मोर कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"हाच मोर. मॉडर्न आहे."

"पिसं कुणाला देऊन टाकली, साहेब?" गफूरभाई म्हणाले.

नवे बोर्ड बाहेरून तयार येणार होते. आमच्याकडं जुने उतरवून नवे बसवायचं काम. उतरवलेला पत्रा नेहमीच्या रीतीनं आमच्या दुकानात यायचा. तो घासून आम्ही पुन्हा वापरायचो.

सोनीला नवी खूण शिकवायची होती. पण तीन रेघा चार वर्षांच्या लेकराला काय सांगायच्या? आज-उद्या करत राहून गेलं.

०

जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी. गोलाईत छत्री घेताना सोनीचा हात सुटला. मी धावत बँकेसमोर आले. वर तीन रेघा! शिडीवर हे, खाली गफूरभाई.

"सोनी कुठाय?"

हे भराभर शिडी उतरले. "हितं न्हाई आली. मोर तर मघाशीच उतरवला."

हे एका गल्लीत पळाले, गफूरभाई दुसऱ्या. मी रडत दुकानाकडं निघाले.

दुकानासमोर हातगाडी थांबली होती. हमालानं बोर्ड उतरवून भिंतीला टेकवला होता. तो वैतागून म्हणाला, "बाई, ही पोरगी तुमची का? बँकेपासून गाडीमागं पळून राहिली. घर कुठं म्हणलं, बोलंना. बाजूला हो म्हणलं, हटंना."

मोराच्या पायाशी सोनी उभी होती. एका हातानं पत्रा घट्ट धरलेला. मला बघून रागानंच म्हणाली, "आई, मोर चालत होता. मी न्हाई सोडला."