फुलामावशींचं वाचन

आमच्या स्वानंदीला सांभाळायला येणाऱ्या फुलाबाईंना वाचता येत नाही. तरी तीन वर्षं तिला पुस्तकं वाचून दाखवत होत्या त्याच. ते मी बंद केलं. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून महिनाभर धडपडतेय, आणि पुरतं जमत नाहीये.

फुलामावशी पेठ तालुक्यातल्या. लग्नानंतर बरीच वर्षं दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला होत्या. गुडघे गेले तेव्हा मुलाकडे, दत्तूकडे, नाशिकला आल्या. हे मला त्यांच्या नोंदणीचा सोसायटीचा फॉर्म भरताना कळलं. फॉर्ममध्ये यापलीकडे रकाना नव्हता आणि मीही काही विचारलं नाही.

स्वानंदीसाठी प्राण्यांची चित्रपुस्तकं मी फार जपून निवडायची. वयोगट बघायची, पानं जाड आहेत का, कोपरे गोल आहेत का, एका पानावर दोनच ओळी आहेत का. दात दाखवणारा प्राणी नको. कुणी कुणाला खाल्लेलं नको. त्यामुळे इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांत पेंग्विन, कांगारू, पांढरं अस्वल अशीच मंडळी जमली. वाघ असलेलं एकच पुस्तक होतं, तेही कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं.

दुपारी मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कामाला बसले की बाहेर वाचन सुरू व्हायचं. मावशी आधी हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि मग पुस्तक मांडीवर घ्यायच्या. पेंग्विन म्हणजे पांढरा सदरा घालून सोयरिकीला निघालेला कावळा. कांगारू म्हणजे पोराला झोळीत टाकून छाटणीच्या कामाला निघालेली बाई, तिला उशीर झालाय आणि मुकादम ओरडणार आहे. गोष्ट रोज तीच. एखादं वाक्य सुटलं तर स्वानंदी त्यांना थांबवायची.

वाघाच्या पानावर मात्र दोघी गप्प व्हायच्या. मावशी हात जोडायच्या, स्वानंदीही जोडायची, आणि पान हळूच उलटलं जायचं. एकदा मी दारातून विचारलं, हे काय? मावशी म्हणाल्या, "त्याचं नाव घ्यायचं नाय ताई. हात जोडले का तो त्याच्या वाटंनं जातो." रात्री जेवताना मी ते माझ्या नवऱ्याला, देवव्रतला, हसून सांगितलं. तोही हसला.

जानेवारीत शाळेच्या प्रवेशासाठी स्वानंदीला भेटायला बोलावलं. तिथल्या बाईंनी गाईचं चित्र दाखवलं. स्वानंदी म्हणाली, "ही गाभण आहे. हिला लांब चरायला न्यायचं नाही." बाई हसल्या. मग वाघाचं चित्र पुढे आलं. तिने हात जोडले, कार्ड उलटं करून ठेवलं आणि कितीही विचारलं तरी बोलली नाही. बाजूच्या खुर्चीतली मुलगी मात्र धडाधड नावं सांगत होती, दोन-दोन भाषांत. माझे कान तापले. प्रवेश मिळाला, पण तो निकाल यायला आठ दिवस होते आणि माझा राग त्याच दुपारी घरी पोचला होता.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे म्हटलं, "मावशी, पुस्तकं आता मीच वाचत जाईन. तिच्या डोक्यात चुकीचं बसतं. तुम्ही नुसतं खेळवा."

"बरं ताई," त्या म्हणाल्या.

मग रात्री मी वाचू लागले. एका पानाला दोन ओळी, चार मिनिटांत पुस्तक संपायचं. स्वानंदी विचारायची, ती बाई बागेत पोचली का? मी सांगायची, तसं लिहिलेलं नाही गं. आठवड्याभरात तिने पुस्तक आणणंच सोडलं.

एकदा दुपारी पाणी प्यायला बाहेर आले, तर ती वाघाचं पुस्तक घेऊन मावशींसमोर उभी होती. मावशींनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. "आईचं पुस्तक हाय ते. आईला येऊ दे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याजवळ बसले आणि वाघाचं विचारलं. स्वानंदीच्या कपड्यांच्या घड्या घालत त्यांनी सांगितलं. त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील, गावाची गुरं राखायच्या. बिबट्याने, त्यांच्याकडे तोही वाघच, समोरून वासरू उचललं. बापाने शिकवलं होतं, पळायचं नाही, हात जोडून उभं राहायचं. त्या उभ्या राहिल्या. तो बघत राहिला आणि गेला. अजूनही दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला गावी जाऊन वाघदेवाच्या दगडापुढे नारळ ठेवतात. इतकं सांगून त्यांनी घडी सारखी केली.

मी म्हटलं, माझं चुकलं मावशी, तुम्हीच वाचा. त्यांनी हात धुतले, पुसले, पुस्तक घेतलं. आणि मला विचारलं, "इथं काय लिवलंय ताई?" मी सांगितलं. त्यांनी तेवढंच म्हटलं, जसंच्या तसं. पुढच्या पानावर पुन्हा तेच. स्वानंदी तिसऱ्या पानाला उठून गेली.

म्हणून मी कॉलेज रोडच्या दुकानात जाऊन अक्षर नसलेलं पुस्तक शोधलं. नुसती चित्रं. जंगल, गुरं, अस्वल, मोर, आणि शेवटी वाघ, दात दिसणारा. विकणारी मुलगी म्हणाली, मॅडम, यात वाचायला काहीच नाहीये, पालक परत आणतात. मी ते घेतलं.

मावशींनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं, उलटं करूनही बघितलं. "लिवलेलं नाय यात काय. मग चुकलं तर कळंल कसं?"

मी पुस्तक त्यांच्यापाशीच राहू दिलं. स्वयंपाकघरात निघून गेले. बऱ्याच वेळाने बाहेरून बारीक आवाज आला. गाय होती, तिला लांब न्यायचं नव्हतं. मी ऐकायला दाराशी आले तसा आवाज थांबला.

तेव्हापासून रोज दुपारी मी लॅपटॉप बंद करून ओट्याशी उभी राहते आणि घासलेलीच भांडी पुन्हा पुन्हा वाजवते, म्हणजे मी लांब आहे हे त्यांना कळत राहील. मध्येच क्षणभर हात थांबवला तर एखादं वाक्य कानावर येतं. काल वाघापर्यंत आल्या होत्या, बहुतेक. बाहेर अगदी शांत झालं. मग मीही पातेलं हळूच खाली ठेवलं.