चावीवाल्याचा चारित्र्याचा दाखला

चावीवाल्यांना परदेशी जायचं होतं ते लेकीकडे, पण लेकीच्या जिवावर नाही.

बायको गेल्यापासून बाजाराच्या कोपऱ्यावरचं दुकान आणि त्याच्या वरची खोली एवढाच त्यांचा संसार उरला होता. दुकान तरी काय, एक टेबल, चाव्या कापायचं यंत्र आणि मागे भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. लेक लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिकडे नोकरीला गेली आणि तिथलीच झाली. तिने घराजवळ एक गाळा बघून ठेवला होता. त्या वस्तीत कुलूप दुरुस्त करणारा मिळत नाही, बाबा आले तर हात रिकामा राहणार नाही, असं तिचं म्हणणं. गाळेमालक उन्हाळा संपेपर्यंत थांबायला तयार होता.

परदेशी स्थायिक होणाऱ्यांना कायदेशीर सल्ला देणाऱ्या आमच्या कार्यालयात व्यवसायाचे परवाने आणि कर ही बाजू मी सांभाळतो, म्हणून ते माझ्या टेबलाशी आले.

मी आधी सोपा रस्ता सुचवला. "पाहुणे म्हणून जा. त्याला फारसं काही लागत नाही."

"म्हणजे जावयाच्या सोफ्यावर बसायचं," ते म्हणाले. "मी काय उशी आहे?"

मग अवघड रस्ता घेतला. तिथे कुलपाचं काम परवान्याशिवाय करता येत नाही आणि परवान्यासाठी स्वतःच्या देशातल्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. नियमात वावगं काही नाही. दुसऱ्याचं दार उघडायची विद्या ज्याच्या हातात, त्याचा हात स्वच्छ आहे ना, एवढं बघायलाच हवं. बाकीची कागदपत्रं मी जुळवत आणली आणि दाखल्याबद्दल त्यांना छातीठोकपणे सांगितलं, "तो तर तुमच्यासाठी हातचा मळ आहे."

दाखला आला. त्यावर एकच ओळ होती. अर्जदाराचे नाव पोलीस नोंदींत आढळते.

मी दार लोटून घेतलं. "चावीवाले, मला काही सांगायचं राहिलंय का? कधी पोलिसांनी पकडलं होतं?"

ते हसले. "मला पकडलं असतं तर त्यांची कुलपं कोणी उघडली असती?"

मग सगळा उलगडा झाला. आतून कडी लावलेलं घर असो, मालक पळून गेलेलं गोदाम असो, नाहीतर न्यायालयाने जप्तीचा हुकूम दिलेलं दुकान असो, भागातले पोलीस इतकी वर्षं यांनाच बोलवत आले होते. दार उघडलं की पंचनामा करायचा आणि पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून पंचांच्या सह्या हव्यात. पोलीस दिसले की शेजारपाजारचे लोक जिथल्या तिथे विरघळतात. मग अधिकारी म्हणायचा, "काका, तुम्ही आहातच, मारा एक सही." काका मारायचे. चोरी, फसवणूक, जाळपोळ, संशयास्पद मृत्यू, असा एक गुन्हा नव्हता ज्यात यांचं नाव नाही. पुढे या सगळ्या नोंदी संगणकात गेल्या. संगणकाला नाव तेवढं कळतं, ते आरोपीचं की पंचाचं हे विचारायची पद्धत त्यात कोणी घातलेली नव्हती.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या कारकुनाने उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

"काका, आज कसे काय? आम्ही तर बोलावलं नव्हतं."

मी अडचण सांगितली. कारकुनाला खरंच वाईट वाटलं. "काकांचा दाखला अडला? काकांना इथे कोण ओळखत नाही?"

"मग तेच लिहून द्या," मी म्हणालो.

"ओळखतो असा रकाना नाही ना, साहेब. आढळते किंवा आढळत नाही, एवढंच आहे."

"खाली एक ओळ लिहा. केवळ पंच म्हणून, अशी."

"ओळ लिहायचा अधिकार वरच्या कार्यालयाला."

वरच्या कार्यालयाने सांगितलं, प्रत्येक प्रकरणातल्या पंचनाम्याची नक्कल न्यायालयातून आणा. न्यायालयातल्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही पक्षकार आहात का?"

"नाही," चावीवाले म्हणाले.

"मग नक्कल मिळत नाही."

माझा पारा चढला. "म्हणजे हेच जर चोर असते, तर यांना नक्कल मिळाली असती?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "रीतसर अर्ज केला असता तर, हो."

बाहेर आल्यावर चावीवाले म्हणाले, "बघा, तरुणपणी नीट सल्ला देणारं कोणी भेटलं नाही." मला हसू आलं नाही. जन्मभर व्यवहारात हेच शिकलो की जमेची बाजू जमेलाच लिहायची. इथे एका माणसाचा चांगुलपणा उचलून सरळ नावे टाकला होता आणि चूक दुरुस्त करायला जो तो शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवत होता.

मी पत्रं लिहिली, स्मरणपत्रं लिहिली, स्मरणपत्रांची आठवण करून देणारी पत्रं लिहिली. वरच्या कार्यालयातले साहेब शेवटी माझ्या पत्रांना कंटाळले. सगळ्या प्रकरणांत अर्जदार केवळ पंच होता, असं एकच पत्र द्यायला ते तयार झाले. अट एवढीच की पत्र निघण्याच्या दिवशी नोंदी पुन्हा तपासल्या जातील. त्यात नवं काही आलं, तर फाईल परत ठाण्यात जाऊन पहिल्यापासून सुरू होईल.

मी चावीवाल्यांना समोर बसवून बजावलं. "पत्र हातात पडेपर्यंत कुठेही सही करायची नाही. पोलीस आले तर हात दुखतोय म्हणा."

"हात दुखत नाही."

"दुखायला लावा."

पत्र सहीसाठी आत गेलं त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. मागून जिन्यातल्या बोलण्याचा आवाज येत होता. बाजारामागच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त परिचारिकेने दोन दिवस दार उघडलं नव्हतं. पोलीस दुकानावर आले आणि हे गेले.

"दार उघडलंय, साहेब. बाई गेल्या आहेत. आता सही मागतायत."

"करू नका. दुसरा कोणी बघा म्हणावं."

"एक पंच मिळालाय, खालचा राखणदार. दुसरा मिळेना. बेल वाजवली की लोक आतून दिवा बंद करतात."

"मग वरच्या मजल्यावर जा म्हणावं त्यांना. रस्त्यावरचा कोणी धरा. तुम्हीच का?"

"पंचनामा झाल्याशिवाय बाईंना हलवता येत नाही. त्यांची बहीण जिन्यात उभी आहे. केव्हाची उभी आहे."

"तुमची लेकही थांबलीये, चावीवाले."

पलीकडे जिन्यातून कोणीतरी "काका" अशी हाक मारली. मग फोन बंद झाला.

दुपारी ते आले आणि न सांगता खुर्चीत बसले.

"केलीत?"

"केली."

मी एरवी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले तरी थांबलो नाही. ते ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "मी सांगितलं हो त्यांना, माझा परवाना अडेल म्हणून. अधिकारी म्हणाला, काका, तुमच्या दाखल्याचं मी बघतो."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"नाही ठेवला."

नोंद संगणकात चढायला जराही उशीर झाला नाही, आमच्याकडे लवकर होणारं ते एवढंच काम असावं. फाईल परत ठाण्यात आली. कारकुनाने पुन्हा खुर्ची दिली, पुन्हा हळहळला. आम्ही पहिल्यापासून सुरू केलं, पण उन्हाळा काही फाईलसाठी थांबला नाही. लेकीचा फोन मलाच आला. गाळा कपडे धुणाऱ्याने घेतला होता.

"काका, तुम्ही बाबांना सांगितलं नव्हतं का सही करू नका म्हणून?"

"सांगितलं होतं, बाळ."

"मग?"

मी म्हणालो, त्यांनाच विचार. तिने विचारलं असणार, कारण पुढच्या आठवड्यात चावीवाले येऊन म्हणाले, "ती म्हणते, निदान भेटून तरी जा. तो सोपा कागद कुठला, तो भरा."

मी पाहुण्याचा अर्ज भरला. प्रवासाचं कारण, कुटुंबाची भेट. मग नियमाप्रमाणे सूचना द्यायला लागलो. तिथे कोणतंही काम करायचं नाही, पैसे घेऊन नाही आणि फुकटही नाही. हत्यारांची पेटी न्यायची नाही, विमानतळावर सापडली तर कामाला आलात असं धरतील आणि तिथूनच परत पाठवतील.

"छोटी पकडसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि लेकीच्याच दाराचं कुलूप अडकलं तर?"

"परवानाधारक कारागिराला फोन करायचा. तो येईल."

"ती म्हणते, तो आठवडा लावतो."

"मग आठवडा थांबायचं."

"बाहेर?"

मी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली.