बॅटरीची तिसरी जागा

अनुसया दारात आली तेव्हा मी फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. ती आमच्या गावची कोळीण, खाडीच्या चिखलात उतरून शिवल्या, म्हणजे शिंपले, काढते. डोक्यावरच्या टोपलीतलं पाणी तिच्या खांद्यावर ओघळत होतं आणि टोपली खाली ठेवायचं तिला भान नव्हतं. "बाई, दादांची गाडी भरतीवर इकडं याय लागलीय," ती म्हणाली. मी म्हटलं, मग येऊ दे की, चहा टाकते. ती तशीच उभी. "पंप चालू हाय, बाई. पानी भायेर फेकतोय. पर दादा हालत न्हाय..." या गोष्टीला आता दीड महिना होईल.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. उभा जन्म न्हावा शेव्याला क्रेनच्या विजेच्या कामात गेला. वहिनी गेल्यावर तो आगरदांड्याच्या अलीकडे आमच्या वाडीत राहायला आला. मी शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, तोंडाने फटकळ. दोन म्हातारी भावंडं एका छपराखाली म्हटल्यावर खटके उडायचेच. खाडीपलीकडे आमची थोडी खारजमीन आहे. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिला मातीचा बांध घातलेला आहे, आणि त्या बांधाला खेकडे बिळं पाडतात. बोटभर बीळ उधाणाच्या भरतीत हातभर होतं आणि मग भात गेलंच म्हणून समजा. होडीने जावं तर ओहोटीला होडी रुतते, पायी जावं तर माणूस रुततो. म्हणून दादाने बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधून सहा फुगीर चाकांची ती गाडी आणली. चिखलात चालायची, पाण्यात तरंगायची. गाव तिला बेडकी म्हणायचं.

बेडकीत पुढे दोनच जागा. उजवीकडे दादा, डावीकडे मी. त्याला चष्म्यातूनही बिळं दिसायची नाहीत, ती मी काठीने दाखवायची आणि त्याने त्यात माती ठासायची. येताना थर्मासमधला चहा गाडीत बसूनच प्यायचा आणि मग कुठल्या तरी जुन्या गोष्टीवरून भांडायचं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुखाची वर्षं होती, हे तेव्हा कळलं असतं तर जरा कमी भांडले असते. गाडीचं एकच दुखणं होतं. बॅटरी मागच्या बाजूला, अगदी तळाशी. आत आलेलं खारं पाणी नेमकं तिथेच साचायचं आणि बॅटरीच्या टोकांवर हिरवा-पांढरा थर चढायचा. दादा चिडायचा. "पाणी उपसायचा पंप बॅटरीवर, आणि पाणी शिरलं की पहिली बुडणार बॅटरीच. कुणा शहाण्याने हिला इथे बसवलीय?" मार्गशीर्षात त्याने नारळाच्या खोपीत तीन दिवस खपून ती हलवायला घेतली. झालं का विचारलं, तर म्हणाला, "थोडं राहिलंय." मी काही आत डोकावून पाहिलं नाही.

त्याच पंधरवड्यात आम्ही बांधावरून परतत होतो. खाडीच्या मध्यावर दादाने इंजीन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर पाण्यावर. थंडीचे दिवस असूनही त्याच्या कानामागे घाम होता. काय झालं, म्हणून मी विचारलं. "काही नाही, भरती बघतोय," तो म्हणाला. त्या दिवशी अष्टमी होती. इथलं शेंबडं पोरही सांगेल, की अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे निम्मीअर्धी सुस्त भरती. त्यात बघण्यासारखं काय असणार? हे मला कळत होतं, तरी मी विचारलं नाही. गाडी हळूहळू फिरली आणि तिचं तोंड समुद्राकडे झालं. मी आपली सुपारीच्या भावाबद्दल बोलत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने इंजीन चालू केलं.

आठ दिवसांनी बघते तर माझी जागा नाहीशी. सीट काढलेली आणि तिथे झाकणाची एक पेटी बोल्टांनी घट्ट बसवलेली, आत बॅटरी.

"हे काय?"

"वर घेतली. आता पाणी पोचणार नाही. शिवाय एकटा बसलो की गाडी उजवीकडे कलते, त्यालाही तोल झाला."

"एकटा कुठे असतोस? मी असते ना."

"तू काय नेहमी असणार आहेस का, शालू?"

मला ते फार लागलं. लागलं की मी वर्म शोधते. ते समोरच होतं. बॅटरीच्या जाड केबलला मध्येच सांधा दिलेला, वर काळी टेप. सांधा म्हणजे उद्याचा बिघाड, असं ज्याने जन्मभर हाताखालच्या माणसांना बजावलं, केबल वीतभर तोकडी पडली तरी जो अख्खी नवी ओढायचा, त्याने सांधा द्यावा! मी म्हटलं, "म्हातारा झालास रे तू." तो म्हणाला, "झालो खरा." आणि मी रुसले. त्यानंतर चारेक महिने, फणस पिकेपर्यंत, तो एकटाच बांधावर जायचा आणि मी त्याला थर्मास भरून दिला नाही. शेवटच्या सकाळीही नाही. तो थर्मास अजून फडताळात पालथा आहे.

दिवसकार्य आटोपल्यावर गाडी विकून टाकावी असं मनात आलं. ती सारखी डोळ्यांसमोर नको होती. माणगावहून इरफानभाईंना बोलावलं. ते गाड्यांच्या विजेचं काम करतात, दादा सामान त्यांच्याकडूनच आणायचा. त्यांनी आधी पुढचं बोनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, दादांनी बॅटरी पहिली हितं बसवली होती. हे बघा. पट्टी हाय, चार भोकं हायत, रबर लावलंय. इंजिनाच्या बाजूला, एकदम उंच. केबल पण मापात कापलेली. ह्याच्यापेक्षा चांगली जागा गाडीत न्हाय. मग हितून काढून सीटवर का नेली? तिकडं केबल पुरली नाही, म्हणून तर सांधा मारावा लागला." त्यांना ते खरंच कळत नव्हतं. त्यांनी पेटीचं झाकण उचललं. झाकणाला आतून टेपने गोळ्यांची पट्टी चिकटवलेली होती, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात त्या. तीन संपलेल्या होत्या.

मी खोपीच्या उंबऱ्यावर बसले. तळातून पुढे गाडीच्या नाकाडाकडे, हे हलवणं पाण्यासाठी होतं. नाकाडातून माझ्या सीटवर, हे माझ्यासाठी. खाडीच्या मध्यावर आपल्याला काही झालं, तर शेजारी बसलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या, पोहता न येणाऱ्या बहिणीचं काय होईल, हे त्याने त्या अष्टमीला पाहिलं होतं. मला सांगितलं असतं, तर मी त्याला घरात डांबून डॉक्टरांकडे नेलं असतं, आणि बांध फुटला असता. म्हणून त्याने मला जागेवरून उठवलं आणि स्वतः जात राहिला. सांधा मला दिसला होता. मी त्याचा अर्थ विचारायचा सोडून त्याला टोमणा मारला. याचा मला राग येतो... त्याचाही येतो. मरायला एकटा गेला, आणि वर मला रुसू दिलं.

गाडी मी विकली नाही. इरफानभाईंना म्हटलं, बॅटरी पुन्हा पुढे बसवा, दादाने चार भोकं पाडलीत तिथेच. त्यांनी सांधा कापला तेव्हा उरलेली केबल बरोबर पुरली. माझी सीट खोपीच्या माळ्यावर सुतळीने बांधून ठेवलेली सापडली, तीही बसली. संध्याकाळी भरतीला कुठे गळतंय का ते बघायला त्यांनी गाडी उतारावरून कडेच्या पाण्यात ढकलली आणि गुडघाभर पाण्यात तिला धरून उभे राहिले. "बसा मॅडम." काठी घेऊन मी चढले आणि सवयीने डावीकडे बसले. तळात कुठून तरी थोडं पाणी आलं असावं, कारण पंप आपोआप सुरू झाला. तीच बारीक घरघर, अनुसयेने त्या दिवशी ऐकलेली. उजवीकडे कुणी नव्हतं, आणि गाडी माझ्या बाजूला कलली.