उजवा हात जर्मनीचा

आखातातल्या मुसफ्फाहून साइटवर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. पुण्याचा, स्टोअरमध्ये क्लार्क. नाव मी विचारलं नाही आणि सांगायला त्याला सवड नव्हती, कारण तो कायम दुसऱ्या महायुद्धात असायचा. कुणा जर्मन फायटर पायलटची अख्खी कारकीर्द त्याला मोबाइलवर बघून बघून पाठ झाली होती. उजवा हात म्हणजे जर्मन विमान, डावा रशियन. डावा रोज माझ्या डब्यावर कोसळायचा. पाडलेल्या विमानांचा आकडा दर आठवड्याला वाढायचा. युद्ध संपून एवढी वर्षं झाली, तरी पायलटला प्रमोशन चालूच होतं.

एकदा वैतागून मी विचारलं, "अहो, पण तो लढत कुणासाठी होता? खाली माणसं मारण्याचे कारखाने चालवणाऱ्यांसाठीच ना?"

"राजकारण सोडा हो," तो म्हणाला. "सोल्जर होता तो. वरून ऑर्डर आली की खलास!"

तेवढ्यात नवा सुपरवायझर चढला. पुढच्या सीटवर गुडघे धरून एक म्हातारा बिहारी वेल्डर बसला होता. सुपरवायझरला तिथे आपली बॅग ठेवायची होती. त्याने आमच्याकडे बघून नुसती भुवई उडवली.

माझा शेजारी ताडकन उठला. वेल्डरला दंडाला धरून उभं केलं. "चाचा, उठो. ऊपर से ऑर्डर है."

मग परत येऊन बसला, उजवा हात हवेत उचलला आणि म्हणाला, "हं, तर कुठे होतो आपण?"

"तिथेच आहात," मी म्हणालो.