एका गंजातला भात

आमचे कॅम्प मास्तर बीजगणित शिकवता शिकवता फळ्यावर नदी काढायचे. समीकरण अर्ध्यावर सोडून खडू वळायचा, दोन उंच कडे उभे राहायचे, मधून बावनथडी अरुंद होऊन निघायची आणि वाळूवर दोन त्रिकोण पडायचे. ते आमचे तंबू. "इथं झोपाचं, पोट्टेहो. वर आभाळाची पट्टी तेवढी दिसते." स्वतः ते त्या घळीत एकदाच, लग्नाआधी, जाऊन आले होते, पण बोलायचे असे की कालच मुक्काम करून परतले.

दरवर्षी तिथल्या कॅम्पचा बेत व्हायचा, मास्तरांना नाव त्यावरूनच पडलेलं, आणि एकाच अटीवर अडायचा. शिधा सगळ्यांचा, चूल एक, पातेलं एक. "भात एकाच गंजात शिजन. ज्याले जमत नसन त्यानं घरी ऱ्हावं." मग सिहोऱ्याकडच्या आमच्या त्या लहानशा गावातले शहाणे लोक शाळेत यायचे. जातीचं नाव कुणी काढायचं नाही. आमची माणसं फार सभ्य. पोरांचं पोट बिघडेल म्हणायचे. माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली होती, त्यामुळे पोट कुणाच्या तांदळाने बिघडणार हे मला कुणी सांगायला नको होतं. दोन चुली मांडायला मास्तर कधी तयार झाले नाहीत. त्यांच्या त्या हट्टावर माझा फार जीव होता.

मी दहावीत असताना गाव कसं कोण जाणे, कबूल झालं. मास्तर हरखून गेले. चिखल्याच्या खाणीतल्या एका ओळखीच्याकडून ताडपत्र्या आणल्या, घरचा मोठा गंज घासून बैलबंडीवर चढवला. माझी आई लोकांच्या धानाच्या बांधीत राबायची. तिने सणासाठी राखलेला सुवासिक चिन्नोर तांदूळ माझ्या पिशवीत ओतला. "साऱ्याइच्या भातात आपला बी वास येऊ दे," म्हणाली.

निघायच्या सकाळी मास्तर पिशव्या रचत होते. एकीतून भाकरींचं गाठोडं निघालं. दुसरीतूनही. तांदूळ द्यायचा, पण तिथला भात खायचा नाही, या आपसातल्या बोलीवर गाव कबूल झालं होतं. मास्तर तरी हसले. "भाकरी रस्त्यात संपवा. तिथं माह्या गंजातलंच खाचं." मग त्यांनी स्वतःच्या मुलाची पिशवी उचलली. तो आमच्याच वर्गात होता. तीही जड लागली.

"हे कायले रे?"

"आईनं देल्लं. तिथचा भात खाजो नको म्हने."

मास्तरांनी गंज एकट्याने खाली उतरवला आणि आम्हाला घरी जायला सांगितलं. मला राग पोरांचा आला नाही, मास्तरांचा आला. साऱ्या गावाशी भांडणाऱ्या या माणसाने आपल्या घरात एकदा विचारायचं नाही? तो राग अजून आहे. आणि त्यांच्याइतकी माया पुढे कुठल्याच मास्तरावर बसली नाही, हेही खरं. त्यानंतर ते नुसतं बीजगणित शिकवायचे. आम्ही सगळे चांगल्या मार्कांनी पास झालो.

मास्तर वारले तेव्हा मी वरठीला कारखान्यात होतो. तेरवीला गेलो. त्यांचा मुलगा गळ्यात पडून रडला. "जेवल्याबिगर जाऊ नको बाबू," म्हणाला. पंगत मांडवात बसली होती. माझं पान त्याने स्वतःच्या हाताने मांडलं. मांडवाबाहेर, सावली बघून. मी चपला पायात घातल्या.

"काहून रे, काय झालं?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.